पोत्यावर भरधाव, आत दुडकी: घोड्याच्या फॅटवाल्या फीडचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही. नाव घेतलं की लोक नावावरच भांडत बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला. शिवाय या पोत्यावर जे छापलंय तेच थोड्या फार फरकाने बाकीच्यांच्या पोत्यांवरही असतं, त्यामुळे हा एका पोत्याचा रिव्ह्यू समजा नाहीतर सगळ्यांचा, तुमची मर्जी.

तर झालं असं. नागपुरात काटोल रोडला आमची छोटी जागा आहे, पाच जनावरं, सकाळ-संध्याकाळ पोरं रायडिंग शिकायला येतात. धंदा म्हणावा एवढा पैसा त्यात नाही, पण आजोबांचा महाल भागात टांगा होता, त्यामुळे घोड्याचा नाद घरातून गेलाच नाही. पाचातला बाजी हा रेसमधून रिटायर झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा, वय ९, पुण्याहून आणलेला, रंगाने कुमैत, स्वभावाने फटाका. आपल्याकडे आता रेसिंग नाही, रेसचा सीझन म्हणजे पुणे आणि मुंबईचं महालक्ष्मी, पण तिथून निवृत्त झालेले घोडे कुठे कुठे जातात त्यातला एक आमच्याकडे आला. बाजीचा प्रॉब्लेम एकच, अंग धरत नाही. बरगड्या मोजून घ्या. आणि दाणा वाढवला की तो अंगात न जाता डोक्यात जातो, मग खोगीर चढवताना चाचांना नाचवतो, प्लास्टिकची पिशवी उडाली तरी आडवा पळतो.

चाचा म्हणजे आमचे सईस, तीस-पस्तीस वर्षं घोड्यांत गेलेला माणूस. त्यांचं म्हणणं होतं, तेल चालू करा भैया, दाणा नका वाढवू. मी शहाणा. मी म्हटलं चाचा, आता सायंटिफिक फीड मिळतं, घरपोच येतं. फेब्रुवारीत ऑर्डर टाकली.

पोतं २५ किलोचं, २,४५० रुपये, वर ट्रान्सपोर्टचे २८० वेगळे. घरपोच वगैरे काही नाही हां, ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाऊनमधून स्वतः उचलून आणावं लागलं. पोत्यावर शर्यतीत पळणारा काळा घोडा, मागे धूळ, आणि खाली मोठ्या अक्षरात, की फॅट १० टक्के, रेसच्या घोड्यासारखा स्पीड, आणि सोबत एल-कार्निटाइन म्हणजे फॅट बर्नर. मी भाळलोच. जिमवाल्या पोरांच्या डब्यावर जे लिहिलेलं असतं ना तेच सगळं घोड्याच्या पोत्यावर आणून ठेवलंय हे तेव्हा लक्षात यायला पाहिजे होतं.

पहिलं पोतं मात्र चांगलं निघालं, खोटं कशाला बोलू. शिवण उसवली तर आत बारीक गोळ्या, भाजलेल्या कोंड्यासारखा खमंग वास, गूळ असावा थोडा, हाताला किंचित तेलकटपणा. तोबऱ्यात दोन मुठी टाकून बाजीच्या तोंडाला लावलं, त्याने एकदा फुस्स केलं आणि मग तोबरा उलटा करून चाटला. चाचा बघत होते, बोलले काही नाही. त्यांचं न बोलणं मला चांगलं कळतं.

आता इथे थांबून जरा आतली गोष्ट सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पोत्यावरचं खरं काय आणि खोटं काय ते कळणार नाही. मलाही आधी माहीत नव्हती, या काही महिन्यांत वाचून आणि ओळखीच्या एका व्हेटरनरी डॉक्टरांचं डोकं खाऊन माहीत पडली.

घोड्याच्या मसलमध्ये जळायला मुख्यतः दोन वस्तू असतात, एक ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर आणि दुसरी फॅट. आपल्याकडच्या चुलीवर बघा, पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, आणि बाभळीचं खोड यात जो फरक तोच. पऱ्हाटी लावली की भसकन पेटते, पाच मिनिटांत पाणी उकळतं आणि पाच मिनिटांत राख. बाभळीचं खोड हळू धरतं पण रात्रभर निखारा देतं. ग्लायकोजेन ही पऱ्हाटी आणि फॅट हे खोड. एका ग्रॅमला फॅटमधून ९ कॅलरी आणि साखर-स्टार्चमधून ४, हे पोत्यावर पण छापलंय आणि ते खरंच आहे. फक्त खोडात जाळ जास्त आहे म्हणून ते पऱ्हाटीसारखं भसकन पेटणार का, तर नाही. पोत्यावर हेच गाळलंय.

घोडा चालतोय किंवा दुडकी चालीने जातोय तोपर्यंत त्याचं काम बरंचसं फॅटवर चालतं. ॲड्रेनलिन थोडं वाढतं, चरबीच्या साठ्यातून फॅटी ॲसिड सुटतात, रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला धरून मसलपर्यंत जातात, तिथे कार्निटाइन त्यांना पेशीतल्या भट्टीत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, आत सोडतं आणि तिथे ऑक्सिजनबरोबर ते जळतात. सगळं कसं निवांत. आता तोच घोडा भरधाव सोडा. १२०० मीटरची रेस सव्वा मिनिटाच्या आत आटपते. हार्ट रेट, जो उभ्या घोड्याचा ३०-४० असतो, तो २२० च्या वर जातो. प्लीहा आवळून साठवलेल्या लाल पेशी रक्तात सोडते, रक्त अक्षरशः दाट होतं. प्रत्येक उडीमागे एक श्वास, त्याहून जास्त घ्यायची सोयच नाही. इतक्या घाईत एनर्जी पुरवायची तर पऱ्हाटीच लागते. ऑक्सिजन तेव्हाही भरपूर वापरला जातो, पण त्यात जळतं ते जास्त करून ग्लायकोजेन, आणि ऑक्सिजन जिथे पुरत नाही तिथे ग्लायकोजेन अर्धवट मोडून लॅक्टेट तयार होतं.

आणि फॅट? ॲड्रेनलिन तर धो धो सुटलेलं असतं, चरबी मोडायचा हुकूम निघालेला असतो, पण रक्त सगळं मसलकडे वळलेलं असल्यामुळे चरबीच्या साठ्यांकडे ते कमीच फिरतं, त्यात वाढलेलं लॅक्टेट फॅटी ॲसिडना परत चरबीत गुंडाळायला लावतं, आणि इकडे मसलमध्ये साखर एवढ्या जोरात मोडत असते की मोकळं कार्निटाइन तिकडेच अडकतं, भट्टीच्या दारावर माणूस नाही. म्हणजे फॅट सुटायला अडचण, पोचायला अडचण, आणि पोचली तर आत शिरायला अडचण. घोडा थांबला की चित्र पालटतं. रक्त परत साठ्यांकडे फिरतं आणि अडकलेली फॅटी ॲसिड एकदम रक्तात येतात. भरधाव पळताना रक्तातली जी फॅट वर चढत नाही ती पळून झाल्यावर चढते. आणि मग पुढचे काही तास घोडा उभ्या उभ्या फॅट जाळतो आणि खाल्लेल्यातली साखर मसलमध्ये ग्लायकोजेन परत भरायला बाजूला ठेवतो. घोड्याचं हे भरणं मंद असतं बरं का, माणसापेक्षा मंद, जोराच्या रेसनंतर टाकी पूर्ण भरायला दोन-तीन दिवस लागतात. सलग दोन दिवस जोर काढला तर तिसऱ्या दिवशी घोडा आळशी झाला असं आपण म्हणतो, त्याची टाकीच रिकामी असते.

डॉक्टरांनी एक सोपी गोष्ट विचारली आणि माझी बोलतीच बंद. म्हणाले, बाजीच्या अंगात आत्ता चरबी किती असेल? मी म्हटलं नाहीच ना सर, म्हणून तर फीड आणलं. ते म्हणाले, अरे ४५० किलोचा घोडा आहे, एकदम बारीक रेसचा घोडा धरला, ५ टक्के धर, तरी वीसेक किलो चरबी झाली. एका रेसला त्यातली किती लागेल? मी गप्प. फॅट कमी पडते म्हणून घोडा हळू पळत नाही, फॅट तेवढ्या वेगात जळतच नाही म्हणून ती तिथे कामाला येत नाही. पोत्यातून अजून फॅट घालून स्पीड कसा वाढणार? सावजीची तर्री पिऊन कस्तुरचंद पार्कवर शंभर मीटर पळून बघा म्हणजे कळेल.

आणि ते कार्निटाइन. घोडा ते स्वतःच्या शरीरात बनवतो, आणि तोंडावाटे दिलेलं त्याच्या आतड्यातून फार कमी शोषलं जातं, मसलमधलं प्रमाण त्याने हलत नाही. तेव्हा फॅट बर्नर म्हणून जे छापलंय ते लिदीत जातं. महाग लीद.

बरं, पण मग फीड फालतू आहे का? इथे माझा रिव्ह्यू जरा वळण घेतो, कारण तसंही नाही.

फीड सुरू करायच्या आधी मी बाजीची एक टेस्ट घेऊन ठेवली होती. पहाटे साडेपाच, मागचा मातीचा रस्ता, चाचांच्या हातात बादली. माणसांचा छातीचा हार्ट रेटवाला पट्टा पाण्यात भिजवून खोगिराच्या तंगाखाली सरकवला, पहिल्या तीन वेळा रीडिंगच आलं नाही, मग चाचांनी केस ओले करून थोडं मिठाचं पाणी चोळलं तेव्हा आकडे दिसायला लागले. वीस मिनिटं दुडकी, हार्ट रेट ११५-१२५. मग डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून थेंबभर रक्त काढून माणसांच्या लॅक्टेट मीटरवर टाकलं, १.६. मग दहा मिनिटं चालवून ८०० मीटर भरधाव. मीच वर होतो, आणि खरं सांगतो शेवटच्या दोनशे मीटरला माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, तो कोणत्या काळात गेला होता देव जाणे, लगाम खेचला तरी ऐकेना. खाली उतरलो तर नाकपुड्या आतून लाल, मानेवर शिरांचं जाळं, घामाचा फेस. हार्ट रेट २०८ दिसला होता. लॅक्टेट १३. उभ्या घोड्याचं लॅक्टेट १ च्या खाली असतं, आणि पूर्ण जोराच्या रेसनंतर ते २०-३० पर्यंतही जातं, तेव्हा आमचे ८०० मीटर म्हणजे रेस नव्हती, पण काम झालं. एक गोष्ट लक्षात ठेवा, जोरात पळाल्यावर रक्त दाट झालेलं असतं त्यामुळे माणसांचं मीटर घोड्यावर तंतोतंत बरोबर दाखवत नाही. पण त्याच घोड्यावर तेच मीटर आधी आणि नंतर वापरलं तर तुलना करायला चालतं.

मग दहा आठवडे रोज अडीच किलो हे फीड. एकदम नाही, पहिल्या दिवशी पाव किलो आणि तीन आठवड्यांत हळूहळू पूर्ण. हे महत्त्वाचं आहे आणि पोत्यावर ते इतक्या बारीक अक्षरात आहे की माझ्या चष्म्यालाही दिसलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं. घोड्याला पित्ताशय नसतं. पित्त साठवून ठेवायची पिशवीच नाही, लिव्हरमधून थेंब थेंब सतत सुटत राहतं. लोकांना वाटतं मग घोड्याला तेल पचत नसेल, पण तसं नाही, हळू सवय लावली तर छान पचतं, फक्त आतड्याला आणि मसलला जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. एकदम ओतलं तर लीद पातळ आणि चकचकीत. आणि घोड्याला उलटी करता येत नाही हे विसरू नका, पोटात गेलेलं चुकीचं सामान परत वर येत नाही, थेट पोटशूळ.

दहा आठवड्यांनी परत तीच टेस्ट, तोच रस्ता, तीच बादली. भरधावनंतरचं लॅक्टेट १२.८. म्हणजे काहीच फरक नाही, एवढा फरक तर एकाच घोड्याच्या दोन थेंबांत पडतो. ८०० मीटरचा टाइम एका सेकंदाच्या आत तेवढाच. रेसच्या घोड्यासारखा स्पीड, हे इथेच संपलं.

पण दुडकीला हार्ट रेट १०५-११० वर आला. आणि थांबल्यावर ६० च्या खाली यायला आधी जिथे अठरा मिनिटं लागली होती तिथे आता बारा. चाचांनी टेप लावून मोजलं, छातीचा घेर वाढला, बरगड्या झाकल्या गेल्या, हात फिरवला तर लागतात पण दिसत नाहीत, तसंच पाहिजे. अंगावर चकाकी अशी की खरारा करताना चाचा गाणं म्हणून राहिले. आणि सगळ्यात मोठं, डोकं. डोकं शांत. अडीच किलो ओट्स आणि चण्याच्या ऐवजी हे खाल्ल्यावर स्टार्च कमी झाला, त्यामुळे खाल्ल्यावर साखर उसळून येणं कमी झालं, आणि रविवारी गोरेवाड्याच्या बाजूने पंचवीस किलोमीटरची रपेट केली तर परत येताना तोच घोडा लगाम सैल सोडून चालला.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हे सगळं फीडमुळे झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण त्या दहा आठवड्यांत मी त्याला आठवड्यातून चार दिवस लांब दुडकीचं कामही देत होतो. अशा कामाने मसलमधल्या भट्ट्या वाढतात, बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि घोडा आधी ज्या वेगाला पऱ्हाटी जाळायचा त्याच वेगाला खोड जाळायला शिकतो, पऱ्हाटी शिल्लक राहते. म्हणजे किती श्रेय तेलाचं आणि किती घामाचं, सांगता येत नाही. मला वाटतं अंग धरलं आणि डोकं शांत झालं ते फीडमुळे, हार्ट रेट उतरला तो जास्त करून कामामुळे. माझा अंदाज, तुमचा वेगळा असू शकतो.

एक फायदा मात्र नागपूरवाल्यांना खास सांगावा असा. चारा आणि कडबा पोटात आंबतो तेव्हा त्यातून उष्णता निघते, थंडीत बरी, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये ४५ डिग्रीला तबेल्यात उभ्या घोड्याला ती नको असते. तेलाच्या पचनात ती उष्णता कमी. म्हणजे कमी खाऊन, कमी तापून तेवढीच एनर्जी. उन्हाळ्यात आमचे घोडे दाण्यावरून तोंड फिरवतात, तेव्हा थोड्यात जास्त मावणारी वस्तू पाहिजेच. मात्र त्याने चारा कमी करायचा नाही. चारा नसेल तर घोडा नाही.

आता तक्रारीचं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आलेलं पोतं. ट्रान्सपोर्टच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये नऊ दिवस पडून होतं, फोन मला दहाव्या दिवशी. शिवण उसवली आणि चाचा दोन पावलं मागे सरले. वास कसा, तर वर्षभर डब्यात विसरलेलं खोबरं आणि ऑइल पेंट यांच्या मधला. खवट. गोळ्या हातात घेतल्या तर बोटांना चिकट थर. बाजीने तोबऱ्यात नाक घातलं, बाहेर काढलं, वरचा ओठ आभाळाकडे उलटा करून दात दाखवत उभा राहिला, जणू फोटो काढा म्हणतोय. खाल्लं नाही. चिंगीने पण नाही, आणि आमची चिंगी म्हणजे तट्टाणी, ती पोरांच्या वहीची पानं खाते.

याचं कारण सोपं आहे. यातली फॅट येते राइस ब्रानमधून, भाताचा कोंडा. भंडारा-गोंदियाकडे राइस मिलमधून ढिगाने निघतो तोच. त्यात १५ ते २० टक्के तेल असतं, पण त्यातच तेल मोडणारं एन्झाइम पण असतं, गिरणीतून निघाल्याबरोबर काम सुरू. गरम करून ते बंद पाडावं लागतं, तेव्हाच टिकतो. कंपनी लिहिते स्टॅबिलाइज्ड. असेल. पण पत्र्याच्या गोडाऊनमधल्या मेच्या नऊ दिवसांपुढे काय टिकतं? मी फोटो पाठवले, फोन केला. समोरची ताई म्हणाली सर तो नॅचरल ऑइलचा अरोमा आहे. मी म्हटलं ताई, अरोमा आहे तर तुमच्या ऑफिसात पोतं उघडून ठेवतो. मग म्हणाली पोतं उघडलं असल्यामुळे रिटर्न होणार नाही. न उघडता वास कसा घ्यायचा हे मी तीनदा विचारलं. एका आठवड्याने मेल आला, पुढच्या ऑर्डरवर ५ टक्के डिस्काउंट. सर्व्हिसला माझ्याकडून शून्य.

दुसरी तक्रार जरा गंभीर. पोत्यावर लिहिलंय सर्व जातींच्या आणि सर्व वयाच्या घोड्यांसाठी. हे चूक आहे. एका सुट्टीच्या पोराने प्रेमापोटी महिनाभर चिंगीला पण रोज दोन वाट्या घातल्या, आम्हाला पत्ता नाही. मानेवर चरबीचा वळ आला, खांदे गोल, आणि डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या कपाळाला हात लावला. तट्टू, गाढव ही जात दुष्काळात जगायला बनलेली, थोड्यावर अंग धरणारी. अशा लठ्ठ जनावराचं खाणं एकदम बंद केलं तर जी फॅट थरोब्रेडच्या रक्तात मापात येते तिचा इथे पूर येतो, लिव्हरला झेपत नाही, रक्त काढून ठेवलं तर वरचं पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. जीव जातो त्यात. म्हणून चिंगीला उपाशी ठेवायचं नाही म्हणाले, फीड बंद, दाणा बंद, मोजून चारा आणि रोज चालवणं. तीन महिने लागले तिला परत आकारात यायला. तेव्हा तट्टू, वरातीची बसून राहणारी घोडी, काम नसलेलं जनावर, यांना हे पोतं दाखवू पण नका.

याच्या उलट ज्यांच्या थरोब्रेडला कामानंतर मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक होतात, घाम सुटतो, पाऊल टाकत नाही, लघवी कॉफीसारखी, त्यांनी डॉक्टरांना विचारून कमी स्टार्च जास्त फॅट हा रस्ता जरूर बघा. आजोबा सांगायचे, टांग्याच्या घोड्याला सुट्टीच्या दिवशी दाणा अर्धा करायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अंग आखडतं. त्यांना ग्लायकोजेन वगैरे माहीत नव्हतं, पण इंग्लंडमध्ये पण याला सोमवार सकाळचा आजार म्हणायचे हे वाचलं तेव्हा आजोबांची आठवण आली.

पैशाचं गणित आता. अडीच किलो फीडमध्ये १० टक्क्यांनी २५० ग्रॅम फॅट. पण साध्या जईत, म्हणजे आपल्या ओट्समध्ये, ५ टक्क्यांच्या आसपास असतेच. म्हणजे जास्तीची मिळाली रोज १२५ ग्रॅम, तेलाच्या मापात दीडशे मिलीच्या आत, चहाचा एक ग्लास. एक पोतं दहा दिवस पुरतं, म्हणजे अख्ख्या पोत्यात जास्तीचं तेल सव्वा-दीड लिटर. इतवारीच्या बाजारात त्या तेलाचे दोनशे-सव्वादोनशे रुपये होतात. मला ओट्स ४५ रुपये किलोने मिळतात, २५ किलोचे ११२५. मिनरल मिक्स्चर आणि व्हिटॅमिन ई चे दोनशे धरा. झाले साडेपंधराशे. पोतं पडतं २,७३० ला, आणि ते खवट निघालं तर ऐकायला अरोमा.

मी आता काय करून राहिलो ते सांगतो, करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून करा. ओट्स कमी केले, गव्हाचा चोकर थोडा, त्यावर सोयाबीनचं किंवा राइस ब्रानचं साधं खायचं तेल. ५० मिलीपासून सुरू करून महिनाभरात २५० मिलीपर्यंत नेलं, दोन वेळात विभागून. पाव लिटर तेलात साधारण पाऊण किलो ओट्सएवढी एनर्जी येते, तेवढे ओट्स कमी. तेल वाढवलं की व्हिटॅमिन ई वाढवावंच लागतं, दर मिलीमागे साधारण १ युनिट, नाहीतर तेच तेल आत खराबी करतं. आठवड्यातून तीनदा जवस. जवस आपल्याकडे घरोघरी, त्यातल्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा थ्री, पण कच्चं भिजवून तसंच देऊ नका, आजोबा खळखळून उकळून द्यायचे आणि त्याचं कारण होतं, कच्च्या भिजल्या जवसातून सायनाइड सुटतं. आणि नुसत्या कोंड्यावर घोडा ठेवू नका. भाताच्या कोंड्यात कॅल्शियमच्या दहापटीहून जास्त फॉस्फरस, जनावर हाडांतलं कॅल्शियम काढून भरपाई करतं आणि तोंडाची हाडं सुजतात. आम्ही लसूण घास, म्हणजे लुसर्नचा हिरवा चारा, देतो, त्यात कॅल्शियम भरपूर, तोल राहतो.

एका ओळखीच्या शंकरपटवाल्याने, म्हणजे बैलांच्या शर्यतीवाल्याने, सांगितलं, भाऊ तेल काय घालून राहिला, तूप घाल, आमच्या बैलाला बघ. घातलं एक दिवस. बाजीने वास घेऊन बादली पायाने उलटी केली. घोड्याला वनस्पतीचं तेलच आवडतं आणि तेच पचायला सोपं जातं, तूप आपण पुरणपोळीवर घ्यावं.

स्टार द्यायचेच तर असे. रेसच्या स्पीडसाठी घेत असाल तर एक, तो पण पहिल्या पोत्याच्या वासासाठी. बारीक, गरम डोक्याच्या, लांब पल्ल्याचं काम करणाऱ्या घोड्यासाठी, हिवाळ्यात, ताजं पोतं मिळालं तर साडेतीन. एक-दोनच घोडे असलेल्या, रोज तेल मोजत बसायला वेळ नसलेल्या माणसाला परवडत असेल तर घ्या, त्यात लाज नाही, फक्त पोत्यावरची तारीख बघून आणि गोडाऊनला रोज फोन करून. आणि मेमध्ये मागवूच नका.

चाचांनी अजूनपर्यंत मला एकदाही, मी म्हटलं होतं ना, असं ऐकवलेलं नाही. फक्त त्या खवट पोत्यातला माल उकिरड्यावर टाकून रिकामं पोतं धुऊन वाळवलं आणि आता रोज सकाळी त्यात लीद भरतात. पोतं मजबूत आहे, शिवण चार महिन्यांत हललेली नाही, त्याचा अर्धा स्टार जास्त धरा.